रविवारची मुळी

माणूस खोटं बोलतो, त्याची बायको त्याला पाठीशी घालते, पण यकृताला लबाडी जमत नाही. मिरजेच्या रुग्णालयात यकृतवाचनाचं यंत्र आल्यापासून डॉक्टर स्नेहल गुरवला याचा पुरेपूर अनुभव आला होता. एखादे निवृत्त मुख्याध्यापक समोर बसून शपथेवर सांगत की उभ्या जन्मात मी थेंबाला शिवलो नाही, शेजारी बाई मान डोलावत, आणि पडद्यावर मात्र गुरुजींचे सगळे गुण दिसत. हौसेची वर्षं, मग रोजची वर्षं, मधेच गुडघ्यासाठी खाल्लेल्या गोळ्यांचा ढीग. स्नेहल हसत नसे. ती एवढंच म्हणायची, "गुरुजी, मला नाही सांगितलंत तरी चालेल. औषधाला मात्र सांगावं लागतं."

यंत्राचं गणित तसं सोपं होतं. आपण जे गिळतो ते आतड्यातून रक्तात उतरतं आणि पहिल्यांदा यकृताच्या दारात येतं. यकृत ते निवडतं, पाखडतं, विष असेल तर आधी स्वतः सोसतं. त्या सोसण्याची खूण मागं राहते. यकृतात चांदणीच्या आकाराच्या काही पेशी असतात. इजा झाली की त्या जाग्या होतात आणि जखमेवर धाग्यांचं जाळं विणतात. पुढं त्या झोपी गेल्या तरी त्यांच्या गुणसूत्रांवर त्या इजेची रासायनिक खूण चिकटून राहते. दारूची वेगळी, विषाणूची वेगळी, गोळ्यांची वेगळी. केसाएवढ्या सुईनं यकृताचा कण काढून यंत्रात घातला की पडद्यावर रंगीत रेघा उमटायच्या, जुन्या आतल्या बाजूला आणि नव्या बाहेरच्या बाजूला. रेघ जितकी जाड, तितका मार मोठा.

वाचन सोपं, उपचार अवघड. जाळ्यावर जाळं चढत गेलं की यकृत दगड होतं. पोटात पाणी साठतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी होते, आतड्यातला अमोनिया मेंदूत चढतो आणि माणूस बरळायला लागतो. पूर्वी अशाला दुसऱ्याचं यकृत बसवण्यावाचून गत नव्हती. मग कुणीतरी शोधून काढलं की चांदणीपेशींना त्यांची मूळ इजा अगदी कणभर पुन्हा दाखवली, तर जुनी खूण काही तास सैल पडते. तेवढ्यात दुसरं औषध दिलं तर ती पुसली जाते आणि जाळं विरघळू लागतं. पहिलं औषध म्हणजे स्मरणमात्रा, दुसरं विस्मरणमात्रा. पण नुसतं स्मरण देऊन विस्मरण राहिलं, तर खूण पहिल्यापेक्षा घट्ट बसायची आणि रोगी हातचा जायचा. आणि इजा कशानं झाली तेच ठाऊक नसेल, तर मुळात पहिली मात्राच बनवता यायची नाही. म्हणून गुरुजींना खोदून खोदून विचारावं लागे.

यात एक भलतंच प्रकरण निघालं. यकृताकडून मेंदूकडं एक मोठा मज्जातंतू जातो. स्मरणमात्रा चढली की त्या वाटेनं त्या काळातले वास वर यायचे, मग चवी, आणि मग त्या काळातली माणसंच. कुणी मेलेल्या मित्राला ग्लास भर म्हणायचं. एक बाई सासूशी तीस वर्षांपूर्वी हरलेलं भांडण जिंकून बाहेर आली आणि दिवसभर खुशीत होती. वॉर्डातल्या सिस्टर याला 'हजेरी' म्हणायच्या. आज तीन नंबरच्या खाटेवर कुणाची हजेरी, असं चहा पिता पिता विचारायच्या. एवढं सवयीचं होऊनही त्या खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीवर मात्र कुणी बसत नसे.

शिराळ्याकडच्या डोंगरातून येणाऱ्या रोग्यांत स्नेहलला एक हिरवट रेघ दिसू लागली. जगातल्या कुठल्याच संग्रहात तिची ओळख नव्हती. ज्यांच्यात ती जाड होती ते एकेक करून जात होते, कारण त्यांना काय द्यायचं तेच कळत नव्हतं. स्नेहल विचारायची, गावठी काही घेतलं होतं का? लोक नाही म्हणायचे. हो म्हटलं की डॉक्टर अंगावर येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एकदा यंत्राची जुळणी तपासायची म्हणून तिथल्या सगळ्यांनीच आपापले नमुने दिले. स्नेहलचं चित्र उमटलं तेव्हा ती केळं खात होती. चित्राच्या अगदी आतल्या बाजूला, लहानपणाच्या जागी, तीच हिरवी रेघ होती. बारीक होती, पण तीच. वय आठ-नऊच्या आसपासचं. त्या वर्षी तिला कावीळ झाली होती आणि तिच्या थोरल्या भावाला, रणजितलाही झाली होती. दोघांना आईनं रविवारची मुळी दिली होती. स्नेहल उठून बसली आणि रणजित गेला.

शिराळ्याकडच्या कितीतरी अनोळखी माणसांच्या यकृतात जी रेघ तिनं पाहिली होती, ती तिच्या आईच्या हातची होती.

तिची आई, गवसवाडीची शालनआक्का गुरव, शिराळ्याच्या त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात कावीळ उतरवणारी म्हणून नावाजलेली बाई होती. दर रविवारी दिवस उगवायच्या आत न्हाऊन, तोंडात पाणी न घेता, ती सहाणेवर मुळी उगाळायची आणि ताकात कालवायची. आधी स्वतः बोटभर चाटायची आणि मग रोग्याला द्यायची. पैसा घ्यायचा नाही, नारळ घ्यायचा नाही, उरलेली मुळी ओढ्यात सोडायची. मुळीचं नाव उच्चारायचं नाही, उच्चारलं की गुण गेला. ही विद्या सासूनं सुनेला द्यायची, हात धरून झाड दाखवून. लेकीला द्यायची नाही, कारण लेक परक्या घरची. शालनआक्काला यायची ती सून रणजित गेला तेव्हाच राहून गेली, त्यामुळं विद्या तिच्यापाशी अडकून पडली होती.

आणि लोक बरे व्हायचे, ही खरी गोम. साधी कावीळ बहुतेकांची आपली आपणच उतरते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसं व्हायचं आणि यश मुळीच्या पदरात पडायचं. जे जात त्यांना पांढरी कावीळ होती म्हणायचं, नाहीतर आणायला उशीर झाला म्हणायचं. डॉक्टर झाल्यावर स्नेहलनं आईशी यावरून किती डोकेफोड केली होती. आई शांतपणे विचारायची, "तुझी कावीळ कुणी उतरवली गं?"

ती गवसवाडीला गेली तेव्हा आई कट्ट्यावर पाय लोंबते सोडून बसली होती. चेहरा सुकलेला आणि पोट मात्र पुढं आलेलं. तळहात लाल. आई म्हणाली वात धरलाय, चार दिवसांत उतरेल. स्नेहलनं खाली बसून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. दाबलेला खळगा तसाच राहिला. तिनं घरात जाऊन आईच्या दोन साड्या पिशवीत भरल्या आणि तिला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं.

आईचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा स्नेहलचा सहकारी डॉक्टर इरफान मुजावर शेजारी उभा होता. हिरव्या रेघेला हिरवी रेघ चिकटली होती, मधे बोट ठेवायला जागा नव्हती. दर रविवारचं ते बोट. स्वतः आधी चाटायची, रोग्याला मग द्यायची, कारण नियम तसा होता. मुजावर म्हणाला की फार तर सहा महिने, आणि मुळी हातात आली तर आक्का आणखी वीस वर्षं आपल्याला शिव्या घालतील. ती मुळी कुठली ते विचार, एवढंच काम आहे.

एवढंच काम! स्नेहल चित्रापुढं बसून राहिली. जाड रेघेची माणसं कशी मरतात हे तिनं पाहिलं होतं. आधी उलट्या, मग बरळणं, मग तोंडातून रक्त. रणजित हुबेहूब तसाच गेला होता. इतकी वर्षं त्याला पांढरी कावीळ म्हणत आले. त्याला कावीळ मारणार नव्हती. त्याला ताकात कालवलेल्या मुळीनं मारलं होतं, आणि ती वाटी त्याच्या ओठाला लावणारा हात आईचा होता. मुळी मागायची तर आई विचारणार, कशाला? आणि खरं सांगितलं तर ती सहा महिने तरी जगेल का?

आणखी एक गोष्ट तिला कळत नव्हती. तीच आई, तीच सहाण, तोच रविवार. रणजित तेरा वर्षांचा, अंगापिंडानं भरलेला. ती त्याच्याहून लहान, हाडं मोजून घ्यावीत अशी. जायचं तर तिनं जायला हवं होतं. हे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सणावाराला आई रणजितचं पान आधी वाढायची तेव्हा समोर बसलेल्या स्नेहलला ते दरवेळी ऐकू यायचं. चाळीशी उलटली तरी भरल्या ताटावर ती घास घेऊन थांबायची, कुणाच्या तरी वाटणीचं खातोय असं वाटून. लग्नाचा विषय तिनं असाच कधीतरी सोडून दिला होता.

तिनं आईला मुळीचं नाव विचारलं. आईनं सरळ नकार दिला. तुझ्या पोटातल्या पाण्यावर त्याच मुळीचं औषध करायचंय, एवढंच स्नेहल बोलली. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की माझ्या एकटीच्या जिवासाठी साऱ्या मुलखाचा गुण घालवू होय? मला असं पाप सांगू नको. मुजावरनं स्नेहलला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना सगळं सांग, रोग्याचा तो हक्क आहे. स्नेहलला हे कळत नव्हतं असं नाही. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती म्हणाली, "सांगणार आहे. आधी तिला जगू दे, मग सांगते."

आणि मग तिनं ते केलं, ज्याची तिला पुढं कितीतरी दिवस शरम वाटत राहिली. आईच्या खाटेवर बसून तिनं तिचा लाल हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, मला शिकव. तुझ्यामागं मी चालवते."

शालनआक्का आधी बघतच राहिली. मग तिला रडू फुटलं. लेकीला देत नाहीत, देत नाहीत, असं ती दोनदा म्हणाली, आणि स्वतःच तोड काढली की तू तरी कुठं परक्या घरी गेलीस, माझीच राहिलीस की. इतक्या वर्षांत तिनं स्नेहलकडं असं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर झाल्यावरसुद्धा नाही. स्नेहलनं ती नजर तशीच घेतली आणि मान खाली घातली.

शनिवारी दोघी डोंगरात गेल्या. रुग्णालयाची गाडी खाली राहिली. आई स्नेहलच्या खांद्यावर हात टाकून, दर दहा पावलांना थांबत, सुजल्या पायांनी चढली. करवंदीच्या जाळीआड एक वेल होती, तिच्यापुढं तिनं अक्षता टाकल्या, हळदकुंकू वाहिलं आणि उद्या येतो म्हणून आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना परत आल्या. वेलीवर आपली सावली पडू द्यायची नाही, लोखंड लावायचं नाही, लाकडानं उकरायचं, सगळं तिनं नीट समजावून सांगितलं. मुळी बोटाएवढी, वाकडी, मातकट रंगाची होती. एवढीशी वस्तू ती, स्नेहलला तिच्याकडं बघवेना.

आईनं ती स्नेहलच्या ओढणीत घातली आणि स्वतःचे हात झटकले. म्हणाली, "आता माझ्या हाताला गुण न्हाई. गुण तुझ्या हाताला आला." एवढं बोलून ती खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसती समाधानानं डोंगराकडं बघत राहिली. स्नेहलला वाटलं, आपण आईची चोरी केली, आणि तीही तिच्याच हातून आपल्या पदरात घालून घेतली.

प्रयोगशाळेनं मुळीतलं विष वेगळं केलं. जगात कुणाच्या नोंदीत नसलेलं द्रव्य ते, यकृताच्या चांदणीपेशींना नेमकं झोंबणारं. त्यापासून स्मरणमात्रा बनली. हिरव्या रेघेचे जे रोगी तग धरून होते त्यांना ती आधी दिली आणि त्यांची पोटं उतरू लागली. मग शालनआक्काची पाळी आली. ती आनंदात होती. आपल्याच मुळीचं औषध आपल्यालाच देतायत, याचं तिला भारी कौतुक वाटत होतं. सिस्टरांनाही तिनं तसं ऐकवलं.

मात्रा चढली आणि थोड्या वेळानं आईनं नाक वर केलं. ताक आंबलंय, म्हणाली. मग ओल्या सहाणेचा वास आला म्हणाली. स्नेहल तिची नाडी धरून उभी होती. आईची नजर हळूहळू खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं गेली आणि तिथंच ठरली. तिचा आवाज पस्तिशीतल्या बाईचा झाला, भराभर बोलणारा, घाईचा. कुणाला तरी ती समजावत होती, कडू हाय रं, पण घे, तोंड उघड, शाना हाय न्हवं माझा. हात पुढं करून ती काहीतरी ओठाला लावत होती. त्या खुर्चीकडं पाहायचं नाही असं तिनं ठरवलं आणि तरी पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. आईच्या डोळ्यांत मात्र ती रिकामी नव्हती.

मग आईचे हात मधेच थांबले. त्या वेळी जे तिनं पस्तिशीच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते आता पंच्याहत्तरीचे डोळे पुन्हा पाहत होते. ती पुटपुटली, "दिलं की जास्ती व्हतंय." थोड्या वेळानं पुन्हा, "सकाळी बरा हुता. दिलं की जास्ती. आन् मी परत देतीया." ती तो हात मागं ओढू पाहत होती, पण चाळीस वर्षांपूर्वीचा हात कसा मागं येणार? तो पुन्हा पुढं जायचा, पुन्हा वाटी लागायची. शेवटी ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती आडवी झाली आणि छताकडं बघत राहिली.

शुद्धीवर आल्यावर तिनं स्नेहलला जवळ बोलावलं. "मुळीनंच गेला न्हवं माझा रणजित?"

स्नेहलनं यासाठी किती उत्तरं योजून ठेवली होती. एकही कामाला आलं नाही. ती म्हणाली, "होय आई."

"तुला म्हाईत हुतं? मला शिकव म्हणालीस तवा?"

"होय."

आईनं मान हलवली. त्या दोन होकारांवर ती लेकीला काय वाटेल ते बोलू शकली असती, पण बोलली नाही. दुसऱ्या औषधानं काय होतं, एवढंच तिनं विचारलं. स्नेहलनं सांगितलं की यकृतातली खूण जाते, डोक्यातलं काही जात नाही. आई म्हणाली मग नको. पोराचं माझ्या अंगात तेवढंच राहिलंय, ते राहू दे, आणि माझ्यासारखीनं जगायचं तरी कशाला.

सैल पडलेली खूण दुपारनंतर पुन्हा आवळायला लागणार होती, आणि मग ती कुणालाच सोडवता येणार नव्हती. स्नेहलनं आधी समजावलं, मग पाया पडली. आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मुजावर दारापर्यंत आला आणि परत गेला. शेवटी स्नेहलचा तोल सुटला, आणि जे तिनं कधी ठरवलं नव्हतं ते ती बोलून गेली.

"मर मग. मरणं सोपंच आहे. तू गेलीस की लोक म्हणतील, आक्का गेली पण विद्या लेकीला देऊन गेली. रविवारी माझ्या दारात उभे राहतील. हे विष आहे म्हटलं तर म्हणतील, आईनं फुकट दिलं ते लेकीच्या जिवावर येतंय. कितीजण असे मेले तुला माहीत नाही, मला माहीत आहे, मी त्यांची यकृतं वाचलीत. माझं कुणी ऐकणार नाही आई. तुझ्यावाचून त्यांना कुणाचंच खरं वाटणार नाही."

मग आईनं भिंतीकडून तोंड न वळवताच आपला हात मागं केला. स्नेहलनं शीर शोधली. सुई मात्र सिस्टरनं लावली.

पोटातलं पाणी उतरलं, पाय हलके झाले, तोंडाला चव आली. आजार पुष्कळ मागं हटला. आई कमी बोलायला लागली, जेवायला बसली की ताटाकडं बघत राहायची, पण जेवायची. चालता यायला लागलं तसं तिनं सांगितलं की रविवारी मला घरी ने. स्नेहलनं नेलं.

दिवस उगवायच्या आत आई न्हाऊन कट्ट्यावर बसली. पुढ्यात सहाण नव्हती. माणसं आली तशी ती एकेकाला सांगत गेली की ही मुळी विष आहे, मी चुकले, मिरजेला जा, ज्यांना मी पूर्वी दिलीय त्यांनीही जाऊन यकृत वाचून घ्या. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी हसलं. आक्का परीक्षा बघतायत, असं एक म्हातारी म्हणाली. दवाखान्यात नेऊन आक्कांचं डोकं फिरवलं, असंही कुणीतरी स्नेहलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं. आईचंच खरं मानतील या भरवशावर स्नेहलनं तिला जगवलं होतं, आणि लोक तिचंही खरं मानत नव्हते.

उन्हं वर आल्यावर डोंगरापलीकडून शेळके नावाचा एक माणूस आला. विजेच्या मोटरसायकलवर मागं त्याचा पोरगा, टॉवेलनं बापाच्या पाठीला बांधलेला. पोराचे डोळे हळदीसारखे पिवळे. शेळक्यानं आईचं सगळं ऐकलं आणि तिचे पाय धरले. आक्का, लांबनं आलोय, मोकळ्या हातानं लावून देऊ नका. मग तो स्नेहलकडं वळला. आक्कांनी तुम्हाला दिलंय म्हणतात ताई, तर तुम्ही द्या. तुमच्या हाताला गुण असेल.

आईनं त्याला विचारलं, "घरात आणि कुणाला हाय रं?"

शेळके म्हणाला की धाकट्या पोरीचेही डोळे पिवळे झालेत. "पर तिचं एवढं न्हाई. पोराचं आधी बघावं म्हटलं. त्याचं झाल्यावर उरलंसुरलं तिला न्यावं."

आई उठून उभी राहिली. कट्ट्याखाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, आणि बोलताना तिनं एकदाही डोळे पुसले नाहीत.

"माझ्या रणजितला मी भरून वाटी दिली. ओकला तर परत भरून दिली. वंशाचा दिवा माझा, त्याला कमी पडू ने म्हणून. मेला तो माझ्या हातानं. आन् ही बघा माझी लेक. हिला मी अर्धी वाटी दिली. ती बी त्याचीच वाटी धुऊन, पाणी घालून. पोरीच्या जातीला काय, तेवढं रग्गड, म्हणलं. म्हणून ही उभी हाय तुमच्यापुढं."

मघाशी हसलेली माणसं आता खाली बघत होती. परीक्षा म्हणणारी म्हातारी तोंडाला पदर लावून मागं सरकली. कुणाला पटलं, कुणाला नाही, ते सांगता येत नाही, पण त्या दिवशी पुन्हा कुणी मुळी मागितली नाही.

स्नेहल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इतकी वर्षं जे कोडं तिला छळत होतं, त्याचं उत्तर इतकं साधं होतं. देवानं तिला वाचवलं नव्हतं, नशिबानंही नाही. आईचं तिच्यावर तेवढं मन नव्हतं, म्हणून ती वाचली. तिला फार लागलं ते. भावाच्या वाटणीचं जगतोय ही रुखरुख त्या एका वाक्यानं गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते जास्त दुखत होतं.

शेळके पोराला पाठीवर तसाच घेऊन उभा होता. मग आता काय करू, त्यानं विचारलं.

"जा, आधी पोरीला घिऊन ये," आई म्हणाली. "पोराला हितं ठेव, हिच्या नजरंखाली. मग दोघांस्नी संगट मिरजेला नेऊ."

टॉवेल सोडून शेळक्यानं पोराला कट्ट्यावर निजवलं आणि गाडी वळवली. स्नेहलनं पोराचे डोळे पाहिले, पोट चाचपलं, घरात जाऊन त्याला साखरपाणी आणून दिलं. गाडी डोंगराआड गेली तशी आई तिच्याजवळ आली. हात लावावा का नाही, असं तिचं झालं होतं. शेवटी तिनं लावला नाही.

"लई कमी दिलं गं मी तुला," ती म्हणाली.

स्नेहलला म्हणायचं होतं, बरं केलंस आई. त्याऐवजी ती आत गेली आणि येणाऱ्या पोरीसाठी साखरपाण्याची वाटी काठोकाठ भरून घेऊन आली.